विझली की तुटली?

मराठीच्या प्राध्यापकाने इंजिनावर लिहायला बसावे यात थोडा आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. या सदराच्या वाचकांना माझ्याकडून बखरी, म्हणी आणि फार तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतील रणधुमाळी एवढ्याचीच सवय. परंतु यंदा जूनपासून आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. सकाळच्या चहाला तोच, रात्रीच्या जेवणाला तोच, आणि गौरीच्या जेवणाला आलेल्या सवाष्णींपुढेही तोच: आमची फटफटी मध्येच बंद का पडते? अखेर उत्तर सापडले, आणि ते इंजिनाइतकेच माझ्या धंद्याशीही निगडित निघाले. म्हणून हे धाडस.

फटफटी म्हणतो ती सवयीने. आमच्या वडिलांच्या तोंडी तोच शब्द होता. ही गाडी मात्र मी स्वतः घेतलेली, २०११ साली; एका सिलिंडरची, आणि त्या वेळच्या मानाने अपूर्वाईची, कारण तिला कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल-इंजेक्शनची मोटरसायकल कावासाकीने १९८० च्या सुमारास जगाच्या बाजारात आणली होती खरी. पण आपल्याकडे ती यायला २००६ साल उजाडले, आणि तीही हीरो होंडाच्या ग्लॅमरच्या रूपाने. २०११ मध्येसुद्धा रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या कार्ब्युरेटरवरच चालत होत्या. "सर, हिला चोक ओढायला नको, काही नको; आत कॉम्प्युटर आहे," असे विक्रेत्याने सांगितले आणि मी भाळलो. घरी येऊन तेच वाक्य मी निदान वीस जणांना ऐकवले असेल. कंपनीचे नाव सांगत नाही. चौदा वर्षे बिनतक्रार राबलेल्या यंत्राचे नाव त्याच्या आजारपणाच्या गोष्टीत घेणे बरे नव्हे.

गेल्या वर्षी ती गाडी आमच्या कन्येने ताब्यात घेतली. ती बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आईचे म्हणणे होते की मुलीला बिनगिअरची स्कूटर घेऊन द्यावी. मुलीचे म्हणणे होते की घरात चांगली गाडी असताना पैसे का घालायचे. मी कन्येच्या बाजूने मत दिले. त्यात तिच्यावरच्या विश्वासापेक्षा गाडीवरच्या लोभाचाच वाटा मोठा होता.

जूनच्या पहिल्या पावसात तक्रार सुरू झाली. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, गाडी मध्येच तुटते."

मी म्हणालो, "गाडी तुटत नाही. दोरी तुटते, काच फुटते, आणि गाडी बंद पडते."

ती काही बोलली नाही. पुढे ती "बंद पडते" असेच म्हणू लागली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मला तर ते जन्मभर लक्षात राहणार आहे.

गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या तरुणाने गाडीच्या पोटातला एक कपलर शोधून त्याला आपले यंत्र जोडले आणि पडद्यावर उमटलेला आकडा वाचून दाखवला. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर बिघडला आहे, असा त्याचा अर्थ. सेन्सर बदलला. ४,२०० रुपये झाले. आठ दिवस गाडी छान चालली, नवव्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा यंत्र जोडले, पुन्हा तोच आकडा. आता तो म्हणाला, सेन्सर तर नवा आहे, तेव्हा मेन वायरिंग तरी बदलावे लागेल, नाही तर कॉम्प्युटर तरी. १६,००० रुपये धरून चाला. मी गप्प झालेला पाहून त्याने आवाज खाली आणून मला बाजूला घेतले. "सर, एक सांगू का? काही काही वेळा कॉम्प्युटरमध्ये नोंदच नाही. म्हणजे त्याच्या हिशेबी गाडी चालवणाऱ्यानेच बंद केलेली आहे. मॅडमचा अंगठा लाल बटनाला लागत असेल. नवीन मुलींचं होतं तसं."

लाल बटन म्हणजे उजव्या मुठीजवळचा किल स्विच. अडीअडचणीत इंजिन तत्काळ बंद करण्यासाठी असतो तो. मला त्याचे म्हणणे पटले. यंत्राने सांगितलेले खोटे कसे असेल? घरी येऊन मी कन्येला मूठ कशी धरावी याचा एक छोटासा पाठ दिला. तिने तो मुकाट्याने ऐकून घेतला, आणि मग एवढेच विचारले, "बाबा, माझा अंगठा कुठे असतो हे त्यांना कसं कळलं?"

यानंतर सोसायटीचे वैद्यकीय मंडळ बसले. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, प्लग बदला. दुसरे म्हणाले, बॅटरी. तिसरे शेअरबाजारात मुरलेले. त्यांनी सगळे खापर उसाच्या पेट्रोलवर फोडले. याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हल्ली गाडी शिंकली तरी लोक इथेनॉलचे नाव घेतात. जून २०२२ मध्ये आपल्याकडच्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही; मळीचा आणि उसाच्या रसाचा तो प्रताप आहे, आता जोडीला मका आणि तांदूळही आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलाच्या मानाने उष्णता कमी, सुमारे दोनतृतीयांश, आणि ते जळायला हवाही कमी लागते. म्हणून जुन्या गाडीने नेहमीच्याच मापाने वीस टक्क्यांचे पेट्रोल घेतले तर त्या मिश्रणात हवा जास्त आणि दम कमी होतो. शिवाय ते पाणी ओढून घेते, आणि २०११ च्या गाडीच्या रबरी नळ्या त्याच्यासाठी बनवलेल्या नसतात. तेव्हा त्या गृहस्थांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पण ते आमच्या गाडीला लागू आहे की नाही हे पाहायचे कसे, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही.

जुलैच्या अखेरीस ती सकाळ आली. टिळक रस्त्याकडे वळताना गाडी ऐन वळणात गेली. मागून बस येत होती. चालकाने कचकन ब्रेक दाबला म्हणून निभावले. कन्येने गाडी ढकलत कडेला घेतली, दहा मिनिटे फूटपाथवर बसली आणि मग कॉलेजला न जाता घरी आली. आईला तिने सारे सांगितले. मला सांगितले नाही. मी संध्याकाळी आलो तेव्हा गाडीची चावी सौ.च्या कमरेच्या किल्ल्यांत अडकवलेली होती.

"दसऱ्याला स्कूटर येईल," ती म्हणाली, "आणि ही भंगारात जाईल. तोवर चावी माझ्याकडे. तुम्हाला काही बोलायचंय का?"

मला काही बोलायचे नव्हते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री आहेत. साठीचे असतील. माझ्या वडिलांची स्कूटर तेच दुरुस्त करीत. नवी गाडी घेतल्यापासून मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो. कॉम्प्युटरची गाडी त्यांच्या हाती कशी द्यायची, असे मनात होते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. तेव्हापासून त्यांच्या दुकानापुढची गर्दीही ओसरली होती. भंगारात द्यायचीच आहे, तर एकदा त्यांना दाखवू, असा विचार करून मी आणि कन्या गाडी ढकलत त्यांच्याकडे गेलो. चावी मागण्याची माझी छाती नव्हती. ती कन्येने मागून आणली.

मी म्हणालो, "मिस्त्री, गाडी बंद पडते."

"बंद पडते म्हणजे काय होतं, सर?"

"म्हणजे... बंद पडते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग कन्येकडे. "चालवतं कोण? ताई ना? मग ताई, तुम्ही सांगा."

ती जरा अडखळली. माझ्याकडे तिने एकदा पाहून घेतले. मग म्हणाली, "कधी विझते आणि कधी तुटते."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "नीट सांगा."

"विझते म्हणजे, सिग्नलला उभी असले की आवाज वर जातो, खाली येतो, परत वर जातो, घुसमटल्यासारखी होते आणि जाते. तेल संपत आलेल्या दिव्यासारखी. आणि तुटते म्हणजे कोणीतरी रेडिओचं बटन बंद करावं तशी. एकदम. आवाज खालीसुद्धा येत नाही."

"म्हणजे दोन आजार आहेत," मिस्त्री म्हणाले. "दोन आजारांना एक नाव दिलं की औषध कुठलं लागू पडणार?"

वीस वर्षे मी समानार्थी शब्द म्हणून काही नसते, प्रत्येक शब्दाची छटा निराळी, असे वर्गात घसा कोरडा करून सांगत आलो आहे. आणि घरात एका मुलीने दोन निराळ्या गोष्टींना दोन निराळी क्रियापदे वापरली, तर मी त्यातले एक चुकीचे म्हणून खोडून टाकले होते. मिस्त्रींच्या दुकानातल्या पालथ्या डब्यावर बसून मी त्या वेळी ऑइलचा एक जुना कॅलेंडरवजा फलक फार लक्षपूर्वक वाचत होतो, एवढेच सांगतो.

मिस्त्रींनी हत्याराला हात लावला नाही. फक्त बॅटरी मोजली. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर आणि चालू असताना चौदाच्या आसपास भरली. "इंजेक्शनच्या गाडीत हे आधी बघायचं," ते म्हणाले. "बॅटरी मेली की पंप दमतो, कॉम्प्युटर भांबावतो आणि मग वाटेल ते दुखणं दिसतं. ही ठीक आहे. आता आठ दिवस वही घाला. कधी गेली, गार होती का तापलेली, उभी का चालती, हँडल कुठे होतं, आणि तो पिवळा दिवा लागला का. पण रहदारीत नका नेऊ."

सोसायटीच्या मागे एक अर्धवट रस्ता आहे. पुढे भिंत असल्याने तिथे वाहने येत नाहीत. रोज पहाटे सहाला आम्ही बापलेक तिथे जाऊ लागलो. पाळीपाळीने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने वहीत लिहायचे. वही तिचीच, रसायनशास्त्राच्या प्रयोगांतून उरलेली. तिसऱ्या दिवशी मी चालवत होतो. भिंतीपाशी वळून परत यायचे म्हणून हँडल डावीकडे घातले आणि गाडी गेली. तुटली. दुसरा शब्दच नाही. गुडघ्यांखालचा जिवंत आवाज कापून काढल्यासारखा नाहीसा झाला. माझा उजवा अंगठा त्या वेळी मुठीच्या खाली होता. मूठ कशी धरावी याचा मीच पाठ दिलेला असल्याने ते मला पक्के ठाऊक होते.

कन्या वही घेऊन जवळ आली. "काय लिहू?"

"तुटली, असं लिही," मी म्हणालो. "आणि अंगठ्याचा काही संबंध नाही, असंही लिही."

तिने पहिले लिहिले. दुसरे लिहिले नाही.

आठ दिवसांत एकोणीस नोंदी झाल्या. बारा वेळा विझली, सात वेळा तुटली. विझण्याच्या साऱ्या नोंदी इंजिन चांगले तापल्यावरच्या, आणि बाराही वेळा गाडी उभी. गार असताना ती एकदाही विझली नाही. सकाळी पहिल्या बटनाला सुरू होई. तुटण्याला मात्र गार-गरम काही चालत नव्हते. सातांपैकी सहा वेळा हँडल डावीकडे वळलेले, आणि एकदा गाडी मागे घेताना, तेव्हाही ते डावीकडेच. दिव्याच्या रकान्यात आणखी एक गंमत होती. विझण्यापूर्वी पिवळा दिवा लागे आणि लागलेलाच राही. तुटल्यावर मात्र तो दोन सेकंद लागून आपोआप जाई.

मिस्त्रींनी चष्मा लावून वही दोनदा वाचली. प्रबंध तपासताना मी इतका सावकाश वाचत नाही.

पहिले दुखणे त्यांनी असे पकडले. प्लग काढला, तो काजळीने काळाकुट्ट. "हे इथेनॉलचं नाही," ते म्हणाले. "तसं असतं तर हवा जास्त झाली असती आणि प्लग पांढुरका पडला असता. इथे पेट्रोल जास्त जातंय. ॲव्हरेज पडलंय का?" पडले होते, लिटरला ३८ किलोमीटरवरून २९ वर. मी ते वयाच्या खात्यावर घातले होते. "मग बरोबर. गार इंजिनाला पेट्रोल जास्तच लागतं, म्हणून सकाळी तक्रार नाही. तापल्यावर तेवढंच मिळालं की गुदमरणार."

पण कॉम्प्युटर जास्त पेट्रोल का देतो? इथे इंजेक्शन म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. कार्ब्युरेटरमध्ये हवा आत जाताना आपल्या ओढीनेच पेट्रोल उचलून नेते. तिथे कोणी हिशेब ठेवणारा नसतो. इंजेक्शनमध्ये टाकीतला पंप पेट्रोल दाबाखाली ठेवतो, बहुतेक गाड्यांत तीन वातावरणांच्या आसपास, आणि विजेवर उघडझाप करणारी एक तोटी सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती उघडून ते फवारते. ती किती वेळ उघडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. पण कॉम्प्युटरने इंजिन कधी पाहिलेले नसते. तो पेढीवर बसलेल्या मुनिमासारखा. गावोगावच्या अडत्यांची पत्रे वाचून हिशेब करतो. एक सेन्सर कळवतो, इंजिन किती तापले. दुसरा कळवतो, मूठ किती पिळली. तिसरा कळवतो, आत जाणाऱ्या हवेचा दाब किती. गाडी नुसती उभी असते तेव्हा हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन ओढत असते, म्हणून तिथला दाब बाहेरच्या मानाने बराच कमी. मूठ पिळली की हवेची वाट उघडते आणि दाब वाढतो. दाब वाढला म्हणजे हवा जास्त आली, तेव्हा पेट्रोल वाढवा, हे मुनिमाचे गणित.

"कोड खोटं बोलत नाही," मिस्त्री म्हणाले, "पण तो एवढंच सांगतो की अमक्याकडून पत्र वेडंवाकडं आलं. अडत्या वेडा झाला, का त्यालाच कोणी फसवलं, हे कोडला कसं कळणार? त्या पोरांनी अडत्या बदलला. नव्यालाही तोच माल दाखवला जातोय."

आमच्या गाडीत त्या सेन्सरपर्यंत हवेचा दाब एका रबरी नळीतून पोचतो. शिसपेन्सिलीपेक्षा बारीक आणि वीतभरही लांब नसलेली नळी. मिस्त्रींनी ती काढून बोटाला गुंडाळली. टोकाला, क्लिपच्या आतल्या बाजूला, नखाएवढी चीर उघडली. सरळ धरली की दिसेनाशी होई. त्या चिरेतून बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सर बिचारा प्रामाणिकपणे कळवीत होता की हवा फार आली. सेन्सर बदलताना नळी काढून पुन्हा घट्ट बसवली गेली, चीर दबली. म्हणून ते आठ दिवसांचे सुख. मी नाना पेठेत जाऊन तशीच नळी आणली. ६० रुपये. दुकानदाराने ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून दिली. ४,२०० रुपयांच्या सेन्सरला चांगला छापील खोका होता.

गाडी विझायची थांबली. तुटायची थांबली नाही.

दुसऱ्या दुखण्यासाठी मिस्त्रींनी दुकानातला रेडिओ बंद करायला लावला. चावी फिरवली, पण इंजिन सुरू केले नाही. टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक गुंऽऽ असा आवाज आला आणि थांबला. पिवळा दिवाही तेवढाच वेळ लागून गेला. इंजेक्शनच्या गाडीत हा आवाज रोज येतो. पंप पेट्रोलाचा दाब भरून ठेवत असतो. चौदा वर्षे मी तो ऐकत आलो होतो आणि त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. "आता सर, तुम्ही कान टाकीला लावा," ते म्हणाले, "आणि ताई, तुम्ही हँडल सावकाश डावीकडे न्या."

मी भर रस्त्यात वाकून पेट्रोलच्या टाकीला कान लावला. समोरून माझे दोन विद्यार्थी गेले. असो.

हँडल सरळ होते तोवर शांतता होती. डावीकडे पुरते वळले आणि किंचित सैल सुटले, तोच टाकीत पुन्हा गुंऽऽ. चावीला कोणी हात लावला नव्हता. पुन्हा वळवले, पुन्हा गुंऽऽ. दिवा दोन सेकंद लागला आणि गेला.

"म्हणजे प्रत्येक वेळी कॉम्प्युटरला वाटतंय की गाडी बंद करून परत सुरू केली," कन्या म्हणाली. ती आता पुढे सरसावली होती. "वही वाचताना मला वाटलंच होतं. तुटल्यावरचा दिवा आणि चावी फिरवल्यावरचा दिवा सारखाच आहे."

आमच्या गाडीत कॉम्प्युटरची आणि पंपाची वीज त्या लाल बटनातून फिरून जाते. बटनाच्या वायरी हँडलबरोबर वळतात, आणि फ्रेमला जिथे हँडलची मान बसते तिथे त्या रोज शेकडो वेळा वाकतात. मिस्त्रींनी तिथले टेपचे वेटोळे ब्लेडने उकलले. वायर बाहेरून धडधाकट होती. ती दोन बोटांत धरून त्यांनी ओढली तशी एके ठिकाणी रबरासारखी लांबली. आत तांबे नव्हतेच. तारा तुटून टोकाला टोक नुसते टेकलेले होते. सरळ जाताना ती टोके एकमेकांना धरून राहत, आणि डाव्या वळणावर सोडून देत.

कॉम्प्युटरमध्ये नोंद का नव्हती ते आता उघड होते. लाल बटनाची वीज गेली म्हणजे मालकानेच गाडी बंद केली असे तो समजणार; मालकाच्या इच्छेची तक्रार नोकर कशी लिहील? सर्व्हिसिंगच्या तरुणाला यंत्राने जे सांगितले ते त्याने मला सांगितले. त्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे फक्त यंत्र होते. माझ्यापुढे तर मुलगी होती.

मिस्त्रींनी कुजका तुकडा कापला, नवी वायर जोडून डाग दिला, वर स्लीव्ह चढवली आणि वळताना ताण पडू नये म्हणून थोडी ढील ठेवून पुन्हा बांधली. शेजारच्या चार वायरीही तपासल्या. "एक म्हातारी झाली की तिच्या मैत्रिणी काही तरुण नसतात," असे म्हणून त्यांतली आणखी एक बदलली. टाकीखालच्या पेट्रोलच्या नळ्या पाहिल्या, आणि मला बजावले की इंजेक्शनच्या गाडीची ती नळी दाबाखाली असते, घरी कधी उपटायची नाही. पेट्रोल तोंडावर उडते. मजुरी ३०० रुपये घेतली. वही मात्र ठेवून घेतली. "राहू द्या ताई, पोराला दाखवतो," म्हणाले. त्यांचा मुलगा हल्ली दुकानात बसतो. स्कॅनर घेऊ या म्हणून वडिलांच्या मागे लागला आहे. मिस्त्रींचा त्याला विरोध नाही. "घेऊ की. पण आधी गिऱ्हाइकाला विचारायला शिक," असे त्यांनी त्याला माझ्यादेखतच सांगितले. मुलाच्या चेहऱ्यावरून त्याने ते वाक्य पूर्वीही ऐकलेले असावे.

त्या रात्री जेवताना मी कन्येला म्हणालो, "जूनमध्ये तू 'तुटते' म्हणाली होतीस, ते बरोबर होतं. आणि अंगठ्याचं मी बोललो, ते चूक होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि आमटी वाढून घेतली. सौ.ने माझ्याकडे पाहिले. तिला अंगठ्याची हकीकत ठाऊक नव्हती. ती मग मला एकट्याला गाठून सविस्तर विचारण्यात आली. तो प्रसंग मी या सदरात देत नाही.

हे लिहितो आहे तेव्हा घट बसले आहेत आणि दसरा आठवड्यावर आला आहे. दुरुस्तीनंतर रोज पहाटे त्या अर्धवट रस्त्यावर आणि मग हळूहळू रहदारीत मिळून पाचशे किलोमीटर झाले. एकदाही विझली नाही, एकदाही तुटली नाही. ॲव्हरेज ३६ वर आले. स्कूटरचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही, आणि चावी अद्याप सौ.च्याच किल्ल्यांत आहे. ती रोज सकाळी मोजून दिली जाते आणि संध्याकाळी परत घेतली जाते. काल मंडईतून फुले आणायची होती. मी रिक्षा बघतो म्हणालो. सौ. पदर खोचून खाली गेली आणि कन्येच्या मागे बसली. मी गॅलरीतून पाहत होतो. कन्या बटन दाबणार, एवढ्यात सौ.ने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. आधी हँडल वळवून ऐक बघू."

दोघी जणी मान वाकवून टाकीशी कान देऊन बसल्या.